काचपेटीतला चष्मा

१

चष्मा नाहीसा झाल्याचं पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, म्हणून पहिला संशयही माझ्यावरच आला. संशय घेणारी माझी सख्खी थोरली बहीण होती.

"पोपटा, खिसे उलटे कर."

सूत्रसंचालकाचा काळा कोट घालून रंगमंचाच्या मधोमध उभ्या असलेल्या, केस पिकलेल्या माणसाला कुणी पोपट म्हणू नये. पण ताई पोलीस खात्यातून निवृत्त झालेली. ती मला पाळण्यापासून ओळखते आणि माझ्यावर तिचा काडीचाही विश्वास नाही. मी खिसे उलटे केले. रुमाल निघाला, घशाच्या गोळ्या निघाल्या.

"बरं. तू नाहीस," ती म्हणाली, आणि मला वाटतं थोडी हिरमुसलीच.

आमच्यासमोर टेबल होतं. टेबलावर झाकणाची काचपेटी. सकाळी तिच्यात एक जुना तपकिरी चष्मा होता. आता खाली अंथरलेलं निळं कापड तेवढं होतं.

दुपारी चारला इथे जाहीर चर्चा होती आणि सारा देश ती टीव्हीवर बघणार होता. तेलाच्या राज्याशी असलेला दोस्तीचा करार पुढे चालवायचा की नाही, हे दुसऱ्या दिवशी संसदेत ठरायचं होतं. आमच्या गाड्या आणि कारखाने त्यांच्या तेलावर, त्यांची विमानं आमच्या सुट्या भागांवर. तिथल्या राजाला कुणी निवडून दिलेलं नाही, आणि त्याला प्रश्न विचारणारी माणसं फार दिवस दिसत नाहीत. असल्या दोस्ताला घरात घ्यावं की दारातूनच वाटेला लावावं, यावरून वर्षभर घराघरांत भांडणं चालली होती. माझ्या आणि ताईच्या घरातही.

चष्मा एका वार्ताहराचा होता. चार वर्षांपूर्वी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तो तिकडच्या तेलविहिरींवरच्या मजुरांबद्दल लिहायला गेला आणि परतलाच नाही. मागच्या महिन्यात एक खोकं आलं. सोबत निरोप होता, की तो गेला त्याच आठवड्यात वाळवंटात गाडी उलटून वारला, त्याला तिथेच पुरलं, आणि ही त्याची वस्तू. त्याची बायको शाळेत शिकवते, म्हणून सगळेच तिला बाई म्हणतात. त्यांना आज तो चष्मा परराष्ट्र खात्याच्या साहेबांसमोर ठेवून बोलायचं होतं. तेवढ्यासाठी त्या महिनाभर रडायच्या थांबल्या होत्या.

"पोलिसांना बोलावू नका," बाई आता काचपेटीच्या कडा धरून म्हणाल्या. "पोलीस आले की सभा रद्द होईल. उद्या करार होऊन गेला की माझं कोण ऐकणार? ताई, मला तो चारच्या आत शोधून द्या."

सकाळपासून सभागृहाचं दार बंद होतं. आत आम्ही मोजकी माणसं होतो. मी तेच मोठ्यानं बोलून दाखवत होतो, तेवढ्यात वरच्या सज्जातून आवाज आला. दिव्यांची व्यवस्था बघणारी मुलगी कठड्यावरून वाकली होती.

"अहो, मी बघितलंय की त्याला!"

२

बघितलं म्हणजे काय, तर हात बघितले. टेबलावरचा दिवा लावून ती बाकीचे बंद करून पाहत होती. अंधारात फक्त टेबलावर उजेडाचं वर्तुळ होतं, आणि त्या वर्तुळात कुणाचे तरी दोन हात आले.

"मला वाटलं तुमच्यापैकीच कुणी पेटी पुसतंय. चष्मा काढला, रुमालानं पुसला. मग हात लांब केला आणि चष्मा असा हलवला." तिनं हात पुढे करून सावकाश डावीकडे, उजवीकडे नेला. "मग वर-खाली. माशी हाकलतात ना, पण अगदी सावकाश. पुन्हा पुन्हा तेच. मी दुसरा दिवा लावेपर्यंत गेला तो."

"बाही?" ताईनं विचारलं.

"पांढरी."

आम्ही तिन्ही पुरुष पाहुणे आठवून पाहिले: परराष्ट्र खात्याचे साहेब, कामगारांचा पुढारी आणि बाईंचे सासरे. तिघांच्याही अंगात पांढरा सदरा होता. टीव्हीवर पांढरा चांगला दिसतो, असं त्यांना मीच सांगितलं होतं. ताईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती इथे लिहिण्यासारखी नाही.

साहेब पाहुण्यांच्या पहिल्या खोलीत बसले होते. डोळ्यांखाली काळं, टाय सैल. सकाळीच त्यांनी मला कोपऱ्यात घेऊन विनवलं होतं, की तो चष्मा टेबलावर नको, तिकडचे राजदूत कार्यक्रम बघणार आहेत.

"तुम्ही मंचावर गेला होतात?" ताईनं बसण्याआधीच विचारलं.

"गेलो होतो."

"चष्मा काढायला?"

"हो." साहेबांनी नजर चुकवली नाही. "पेटी उचलून पडद्यामागे ठेवणार होतो. चोरणार नव्हतो. मॅडम, तो चष्मा माझ्याच बॅगेतून या देशात आला. चार वर्षं मी त्यांची दारं वाजवतोय. आज त्यांना सगळ्यांसमोर चपराक बसली, तर उद्या ते दार वाजवायलाही उरणार नाही. तिकडे अजून आपली माणसं तुरुंगात आहेत. त्यांच्या बायका टीव्हीवर येत नाहीत, एवढंच."

माझ्या जिभेवर एक झणझणीत वाक्य आलं होतं. करार मोडावा, असं माझं ठाम मत. पण या दमलेल्या माणसाला ते ऐकवावंसं वाटेना.

"मग पेटी हलवली का नाहीत?" ताई म्हणाली.

"मी पोचलो तेव्हा ती रिकामीच होती." ते थांबले. "आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. म्हणून गप्प बसलो."

३

तेलशुद्धीकरण कारखान्याच्या कामगारांचा पुढारी बाहेरच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. उंचापुरा गडी, आवाज सभागृहाला ध्वनिक्षेपक नको असा. सकाळी त्यानं बाईंना सगळ्यांदेखत सुनावलं होतं, की हा चष्मा दाखवलात तर आमच्या अख्ख्या गावाच्या पोटावर पाय येईल.

"बोललो मी तसं," तो म्हणाला. "खोटं आहे का? राजा वाईट आहे, हे मला कुणी शिकवायला नको. माझा मेहुणा तिकडेच विहिरीवर होता. त्याचं काय झालं ते याच बाईंच्या नवऱ्यानं लिहिलं, म्हणून आम्हाला कळलं. पण तेल बंद झालं तर राजाला काही होत नाही हो. आमचा कारखाना बंद होतो."

"म्हणजे चष्मा नसलेला तुम्हाला बरा."

"बरा! पण मी मेलेल्या माणसाच्या वस्तूला हात लावीन?" त्याचा आवाज एकदम खाली आला. "त्या माणसानं आमच्यासाठी जीव घालवला, ताई. मी बाईंच्या विरोधात बोलणार आहे आणि बोलून झाल्यावर त्यांच्या पाया पडणार आहे. दोन्ही करणार."

ताईनं विचारलं, "चष्मा गेल्याचं कळायच्या आधी इथे आणखी काही झालं? कुणाची वादावादी?"

"वादावादी म्हणजे... बाईंचीच. त्यांच्या सासऱ्यांबरोबर."

"सासऱ्यांबरोबर?" मी मध्येच बोललो. मला हे खरं वाटेना. महिनाभर तो म्हातारा सुनेच्या पाठीशी भिंतीसारखा उभा होता. भाषण कर म्हणून तिला धीर त्यानंच दिला होता.

"हो. दार उघडं होतं. म्हातारा हात जोडून म्हणत होता, 'आज बोलू नकोस. माझ्यासाठी. चष्म्याबद्दल तर एक शब्द नको.' आणि बाई नुसत्या बघत राहिल्या."

४

सासरे, म्हणजे आम्हा सगळ्यांचे आजोबा, खोलीत जेवत होते. ताई दारातच थबकली, म्हणून मीही थबकलो. आम्ही सगळ्यांना खोक्यातून जेवण दिलं होतं. साहेबांनी आपलं उघडलंही नव्हतं, बाईंनी झाकण उघडून बंद केलं होतं. आजोबांनी आपलं संपवलं होतं आणि ते सुनेचं खात होते.

ओशाळून त्यांनी चमचा खाली ठेवला. "भूक लागली होती," ते म्हणाले.

"खा हो, खा," ताई इतक्या मऊ आवाजात म्हणाली, की मी चमकलो. पोलीस ठाण्यात हा आवाज ऐकून भलेभले रडायला लागायचे म्हणे. "तिकडून ते खोकं आल्यापासून तुम्ही धड जेवला नाहीत, असं बाई म्हणाल्या."

"हं."

"चष्मा सापडेल हो. तुमच्या हातचा ना तो?"

"फ्रेम माझ्या हातची. डाव्या काडीला पितळी स्क्रू आहे, तो मीच बसवला. कुठूनही ओळखीन."

"खोकं उघडलं तेव्हा हातात घेऊन बघितलात?"

आजोबांनी मान हलवली. "नाही घेववला. लांबूनच ओळखला."

ताईनं सुस्कारा सोडला, मग सहज आठवल्यासारखं आपल्या नाकावरचा चष्मा काढला. "आजोबा, तुम्ही जन्मभर चष्मे केलेत म्हणून विचारते. हा नवीन केलाय, पण डोकं धरतं. जरा बघता का?"

मुलगा गेल्यापासून त्यांचं चष्म्याचं दुकान बंद होतं; चार वर्षांत त्या माणसाला बहुधा कुणी असं विचारलं नसावं. त्यांनी हात पुसले, चष्मा घेतला, काचा पुसल्या. मग हात लांब केला. खिडकीच्या उभ्या गजाकडे काचेतून पाहत त्यांनी चष्मा सावकाश डावीकडे नेला, उजवीकडे आणला. मग वर. मग खाली.

वर सज्जात उभी राहून त्या दिवेवाल्या मुलीनं नेमकं हेच करून दाखवलं होतं.

"नंबर बरोबर आहे," आजोबा म्हणाले, "पण उजवी काच जरा फिरलीय..." आणि ताईचा चेहरा बघून ते थांबले. चष्मा हातातच राहिला.

"कुठे आहे तो, आजोबा?" ताई म्हणाली.

५

सदऱ्याच्या खिशात होता. चष्म्याच्या घरात. म्हाताऱ्या माणसाच्या खिशातल्या चष्म्याच्या घराकडे कोण बघतंय? मी तर तासभर त्यांच्या शेजारी बसून माझ्या भाषणाची तयारी करत होतो.

"तुम्ही तो नष्ट करायला घेतला नाहीत," ताई म्हणाली. "साहेबांना वाचवायलाही नाही. सकाळपर्यंत तुम्हाला तो सगळ्या जगाला दाखवायचा होता. मग हातात घेऊन हलवलात, आणि सुनेचं तोंड बंद करायला धावलात. आणि मग दोन माणसांचं जेवलात. मुलाची शेवटची वस्तू चोरीला गेलेला बाप असा जेवत नाही. काय दिसलं तुम्हाला त्या काचेत?"

आजोबांनी घर उघडलं. चष्मा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुम्ही बघा. गज बघा. आधी काचेच्या वरच्या भागातून हलवा, मग खालच्या."

मी हलवला. वरच्या भागातून गज हाताबरोबर भराभर सरकत होता. खालच्या भागातून तोच गज मंद सरकत होता आणि कडेला थोडा वाकडाही होत होता. मला काही कळलं नाही, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असणार.

"दुकानात कुणाचाही चष्मा हातात आला की मी आधी हेच करायचो," आजोबा म्हणाले. "सवय आहे. आज टेबलाशी गेलो ते फक्त काचा पुसायला. माझ्या पोराचा चष्मा टीव्हीवर मळका दिसायला नको, एवढंच मनात होतं. पुसला, आणि हात आपोआप लांब झाला." त्यांनी चष्मा माझ्याकडून परत घेतला. "त्याला मी दिलेल्या काचा साध्या होत्या. लांबचं दिसायच्या. वरून खालपर्यंत एकच नंबर. या त्या काचा नाहीत. यात खाली वाचायचा नंबर आहे. मधे रेघ नसते, म्हणून वरून बघून कळत नाही."

"म्हणजे?" मी म्हणालो.

"म्हणजे चाळिशी हो! त्याला चाळिशी लागली. अडतिसाव्या वर्षी मेला म्हणतात ना? मग या काचा कुणासाठी केल्या?"

आजोबा चष्म्याच्या कडेवरून बोट फिरवत होते.

"तिकडे कुणा चष्मेवाल्यानं बसवल्यात. फ्रेम जुनी होती, वाळलेली. तडकली असती, पण त्यानं ती हळुवार गरम करून काचा बसवल्यात. चांगला कारागीर आहे. त्याला माहीत असेल का, कोणासाठी करतोय ते?" त्यांनी डोळे पुसले. "आज तो आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण गाडी उलटून मेला नाही. निदान दोन-तीन वर्षं जगला. कुणी चुकून चुकीची वस्तू पाठवली असेल, किंवा आम्हाला कळावं म्हणून कुणी मुद्दाम पाठवली असेल. आणि आज हे सुनेनं टीव्हीवर ओरडून सांगितलं, तर ते लोक काय करतील? कागदावर मेलेला माणूस खरोखर मारून टाकायला किती वेळ लागतो?"

"तिला सांगायला हवं होतं," ताई म्हणाली.

"काय सांगू? एकदा विधवा झाली बिचारी. पुन्हा आशा लावू, आणि पुन्हा..."

त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. दारात बाई उभ्या होत्या, आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

६

बाई रडतील असं मला वाटलं होतं. त्या सासऱ्यांपाशी गेल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि आधी त्यांच्या सदऱ्यावर सांडलेलं अन्न पुसलं.

"बाबा, माझ्यापासून लपवायचं नाही," एवढंच म्हणाल्या. मग चष्मा हातात घेऊन त्यांनी तो स्वतःच्या डोळ्यांना लावून पाहिला. आणि मग मात्र त्यांना स्वस्थ बसवेना.

ताईनं साहेबांना बोलावून घेतलं. ऐकताना ते भिंतीला टेकले. मी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होतो, कारण मला अजूनही त्याच्यात खोट शोधायची होती. सापडली नाही. आपल्या हातानं आपण खोटं वाहून आणलं, हे त्याला तेव्हाच कळत होतं आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता.

"मला थोडी मुदत द्या," ते अखेर म्हणाले. "गुपचूप विचारतो."

"चार वर्षं गुपचूपच विचारलंत," बाई म्हणाल्या.

"ओरडलात तर ते सगळं नाकारतील. राजाला खोटं पडायची सवय नाही."

"मी गप्प बसले तर ते विसरतील."

घड्याळात चार वाजत आले होते. बाहेर लोक जागा पकडत होते. करार मोडा म्हणून मी वर्षभर घसा फोडला होता, पण आता मला दुसरी बाजूही दिसत होती. त्या राजाचं दार उघडं राहायला हवं होतं आणि त्या दारावर कुणी तरी लाथही मारायला हवी होती, आणि दोन्ही एकाच वेळी कसं करायचं ते मला सुचत नव्हतं.

बाईंना सुचलं. शाळेत असतात त्या. एखाद्या पोरानं दुसऱ्याची वस्तू उचलली, की त्याला वर्गासमोर चोर म्हणायचं नाही, नुसतं विचारायचं, हे कुणाचं राहिलंय इथे? पोरगं आपणहून येतं. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा त्यांनी फक्त पदर खोचला आणि आजोबांना विचारलं, "बाबा, याचे नंबर तुम्हाला कळले का नीट?"

"पाठ झाले."

"मग चष्मा गेला तरी चालेल," त्या म्हणाल्या आणि मंचाकडे निघाल्या.

७

चर्चा चांगली झाली. पुढाऱ्यानं आपल्या गावाबद्दल असं बोलून दाखवलं, की टाळ्या वाजवायचं मी विसरलो. साहेब थोडंच बोलले. मग बाई उठल्या. त्यांच्या हातात लिहिलेलं काहीच नव्हतं.

"मी मोठं भाषण करणार होते, पण नाही करत," त्या म्हणाल्या. "माझं एक साधं काम आहे. हा चष्मा आमच्याकडे चुकून आलाय. माझ्या नवऱ्याला चाळिशी लागली आहे. याच्याशिवाय त्याला वाचता येत नाही. साहेब, त्या देशाशी आपली दोस्ती आहे म्हणता ना? मग ज्याचा आहे त्याला हा परत पोचवा. चूक कोणाचीही होते. मी वाट बघते."

दोन क्षण सभागृहात कुणाला काहीच कळलं नाही. मग मागच्या रांगेतून कुजबुज उठली, आणि पुढे सरकत सरकत पहिल्या रांगेत ताईपर्यंत आली. साहेब उभे राहिले. बाईंच्या हातातून त्यांनी चष्म्याचं घर दोन्ही हातांनी घेतलं आणि कॅमेऱ्यासमोर कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

"पोचवतो," ते म्हणाले.

पुढारी खरंच पाया पडला. दुसऱ्या दिवशी करार थोड्याच मतांच्या फरकानं मंजूर झाला. मी दोन दिवस घुश्शात होतो. ताई म्हणाली, "तुझं म्हणणं चुकीचं नाही, पोपटा. पण दार उघडं आहे तर आता त्यातून कोण येतंय ते बघू." मी तिला घशाची गोळी दिली, म्हणजे ती बोलायची थांबेल.

बरेच आठवडे काहीच झालं नाही. तिकडच्या राजदूतांनी "चौकशी चालू आहे" एवढंच कळवलं. एके सकाळी ताईच्या चष्म्याची फिरलेली काच नीट करून घ्यायला आम्ही आजोबांकडे गेलो. त्यांनी समोरच्या खोलीत पुन्हा आपली हत्यारं मांडली होती. बाई शाळेला निघत होत्या. तेवढ्यात फोन वाजला आणि त्यांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"मी बोलतोय," साहेबांचा आवाज आला. "आजोबा आहेत का? त्यांना एक विचारायचं होतं. तिकडून निरोप आलाय. अधिकृत नाही, तोंडी आहे. म्हणतात, चष्मा मिळाला, पण नाकावरून घसरतोय. काय करावं?"

बाईंनी शाळेची पिशवी खाली ठेवली. ताईनं त्यांचा खांदा धरला. आजोबा तसेच उभे राहिले.

"हॅलो?" साहेब म्हणाले.

"बारीक झालाय तो," आजोबा म्हणाले. मग फोनच्या जवळ वाकून, दुकानात गिऱ्हाईकाला सांगावं तसं सावकाश बोलायला लागले. "त्यांना म्हणावं, काड्या कानामागे किंचित वाकवा. पण आधी गरम पाण्यात धरा. थंड वाकवू नका, जुनी फ्रेम आहे, मोडेल. आणि घाई करू नका म्हणावं. तो आला की मी नीट बसवून देईन."